दहावा माणूस आला, आणि...

स्वतःचा स्टुडिओ, छोटंसं कॅफे, तीन मित्रांचं स्टार्टअप... बॉस होणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. पण टीम वाढते तसे कायदेही दार ठोठावायला लागतात. आणि गेल्या काही वर्षांत ते इतके बदललेत की जुन्या माहितीवर विसंबलात, तर लोचा पक्का!

टीममध्ये नवा माणूस घ्यायचा म्हटलं की आपण काय बघतो? पोर्टफोलिओ, पॅकेजची अपेक्षा, नोटीस पिरियड किती, आणि 'आपल्यात मिसळेल का?' एक प्रश्न मात्र इंटरव्ह्यूच्या टेबलावर कधीच येत नाही. हा माणूस आपल्याकडचा कितवा?

हसू नका. हा प्रश्न फार महागात पडू शकतो. पाचवा, दहावा, विसावा आणि पन्नासावा माणूस जॉइन होतो, तेव्हा त्याच्यासोबत एकेक नवीन कायदाही ऑफिसात येऊन बसतो. त्याला डेस्क लागत नाही, लॅपटॉप लागत नाही. पण त्याची दखल घेतली नाही, तर एक दिवस तो नोटीस घेऊन समोर उभा राहतो.

त्यातून २०२५ हे वर्ष तर सॉलिड उलथापालथीचं होतं. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राने आपल्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात बदल केले. २१ नोव्हेंबरला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यात विरघळले. वर्षानुवर्षं पाठ असलेले आकडे बदलले. काही बदलले नाहीत, पण बदलले असं सगळ्यांना वाटलं. खरी गडबड होते ती इथेच!

गुमास्ता की शॉप अ‍ॅक्ट?

मुंबईत धंदा सुरू करणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो, "गुमास्ता काढून घे." पुण्यात तोच सल्ला असतो, "शॉप अ‍ॅक्ट काढ." दोन्ही एकच. मुंबईत हे काम महापालिकेचं खातं बघतं, तर इतर ठिकाणी राज्याचं कामगार खातं. बँकेत करंट अकाउंट उघडताना हा कागद लागतो, म्हणून बहुतेकांना तो ठाऊक असतो. लॅमिनेट करून भिंतीवर लावला की विषय संपला, असा एक समज असतो.

या कागदामागे १९४८ चा मुंबई दुकाने आणि आस्थापना कायदा होता. जवळजवळ सत्तर वर्षं तो चालला. १९ डिसेंबर २०१७ पासून त्याच्या जागी महाराष्ट्राचा नवा कायदा आला. दहापेक्षा कमी माणसं असतील, तर नोंदणीची गरज नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, अशी सोय त्याने केली. दुकान किती वाजता बंद करायचं हे बंधन ढिलं झालं. आणि गंमत म्हणजे 'इन्स्पेक्टर' हे पदच गेलं, त्याचा 'फॅसिलिटेटर' झाला! नाव गोड झालं, दंड मात्र नाही. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा तेच केलं तर दोन लाखांपर्यंत.

२०२५ च्या दुरुस्तीने हाच दहाचा आकडा वीसवर नेला. म्हणजे वीसपेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी प्रमाणपत्र नको, सूचना पुरे. बातमी आली आणि अनेक छोट्या बॉसलोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, विसापर्यंत टेन्शन नाही!"

थांबा. वीसचा आकडा फक्त त्या एका कायद्यापुरता आहे. बाकीचे अजून दहाच मोजतात, काही पाच मोजतात, आणि काहींना एकच माणूस पुरतो.

एकापासून सुरुवात

पहिलाच माणूस ठेवलात, तरी चार गोष्टी लागू होतात.

एक, अपॉइंटमेंट लेटर. नव्या संहितांनी ते सगळ्यांनाच द्यायला सांगितलंय. "अरे, आपण मित्रच आहोत, लेटर कशाला?" हा डायलॉग आता इतिहासजमा करायचा. मैत्री टिकवायची असेल, तर पगार, कामाचे तास आणि नोटीस पिरियड कागदावर असलेलाच बरा.

दोन, किमान वेतन. हा आकडा राज्य सरकार ठरवतं आणि तो शहराच्या परिमंडळाप्रमाणे, कामाच्या कौशल्याप्रमाणे बदलतो. त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, सुधारला जातो. ऑफिसबॉयचा पगार दोन वर्षांपूर्वी ठरवला आणि विसरलात, तर तो आज कायद्याच्या रेषेखाली गेलेला असू शकतो. तुम्ही एक रुपयाही कमी केलेला नसताना!

तीन, व्यवसाय कर. महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. आकडा किरकोळ आहे, पण पगारातून कापून भरायची जबाबदारी मालकाची. त्यासाठी दोन वेगळे नंबर घ्यावे लागतात: कर्मचाऱ्यांसाठी पीटीआरसी आणि धंद्याच्या स्वतःच्या करासाठी पीटीईसी. एप्रिल २०२३ पासून महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना यातून सूट आहे. तरीही जुन्या एक्सेल शीटच्या कृपेने कुठे कुठे त्यांचे दोनशे कापले जातात. तुमची शीट एकदा तपासा.

चार, फुल अँड फायनल. माणूस सोडून गेला की "पंचेचाळीस दिवसांत करू" ही पद्धत अनेक ऑफिसांत रूढ होती. वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या किंवा काढलेल्या माणसाचा राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. दोन दिवसांत! म्हणजे शेवटच्या दिवशी केक कापण्याआधी हिशेब तयार हवा.

मग येतो पाचवा माणूस, आणि त्याच्याबरोबर महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. २०२४ मध्ये त्याची रक्कम वाढली. दर सहा महिन्यांनी कर्मचाऱ्याचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. जून आणि डिसेंबर. एवढ्याशा रकमेसाठी कोण लक्षात ठेवणार? म्हणूनच ती सगळ्यात जास्त विसरली जाते.

आणि मग दहावा!

नऊ जणांची टीम म्हणजे घरचं कार्य. सगळे एका टेबलावर जेवतात, बॉसला अरे-तुरे करतात, सुट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर मागतात. दहावा माणूस आला की हे घर 'आस्थापना' होतं.

दहा झाले की राज्य कर्मचारी विमा, म्हणजे ईएसआय, लागतो. महिन्याला एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाचे सव्वातीन टक्के आणि कर्मचाऱ्याचे पाऊण टक्का. ग्रॅच्युइटी लागते. मातृत्व रजा लागते. २०१७ मध्ये ती बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पहिल्या दोन मुलांसाठी. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की हक्क तयार.

इथे जरा खरं बोलू. दहा-बारा जणांच्या फर्मला एका माणसाचा सहा महिन्यांचा पगार आणि वर तिच्या जागी आलेल्या माणसाचा पगार, हा खर्च खरोखर जड जातो. सरकार यातला वाटा उचलत नाही. ती मुलगी ईएसआयमध्ये असेल तर पैसे तिथून मिळतात, पण पगार त्या मर्यादेपेक्षा जास्त असला की सगळा भार मालकावर. मग इंटरव्ह्यूमध्ये नव्याने लग्न झालेल्या मुलीला "फॅमिली प्लॅन्स काय?" असं गोड आवाजात विचारलं जातं. कायदा ज्या मुलीच्या बाजूने केला, तिचीच नोकरी जायची ही पाळी! हा खर्च वर्षाच्या बजेटमध्ये आधीच धरून ठेवणारे बॉस आहेत. त्यांना तो प्रश्न विचारावा लागत नाही.

दहाच्या आकड्याला आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे: लैंगिक छळ प्रतिबंध कायदा, २०१३. दहा किंवा जास्त माणसं असतील, तर अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष ऑफिसातलीच वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. या कायद्यात इंटर्न, ट्रेनी, कॉन्ट्रॅक्टवरची माणसं, सगळे कर्मचारी धरले जातात. म्हणजे आठ पगारी आणि दोन इंटर्न असले, तरी हिशेब दहाचा! समिती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी असाल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती तुमच्या ऑफिसातल्या किती मुलींना आहे?

वीस, आणि दहा तासांचा गैरसमज

विसाव्या माणसाबरोबर पीएफ येतो. बोनसही येतो, ठरावीक पगारमर्यादेतल्यांना किमान ८.३३ टक्के. (काजू कतलीचा बॉक्स हा बोनस नव्हे. कितीही महागाचा असला तरी!) आणि २०२५ नंतर शॉप अ‍ॅक्टची पूर्ण चौकटही इथूनच सुरू होते. वर्षाला आठ किरकोळ रजा, आठ सणाच्या सुट्ट्या, वीस दिवसांच्या कामामागे एक हक्काची रजा आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवायची सोय.

म्हणजे दहा ते एकोणीस जणांच्या ऑफिसात या सुट्ट्यांचा राज्याच्या कायद्याचा आधार गेला. बॉसला हलकं वाटेल, पण नोकरीला लागताना तुम्ही बॉसच्या टेबलापलीकडे असाल, तर आता अपॉइंटमेंट लेटरमधलं रजेचं कलम दोनदा वाचा.

त्याच दुरुस्तीने दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा झाले. सलग पाचऐवजी सहा तासांनंतर विश्रांती, आणि आल्यापासून जाईपर्यंतचा पूर्ण वेळ साडेदहावरून बारा तासांवर. सोशल मीडियावर लगेच बोंब झाली, "आता दहा तास राबा!" तर काही बॉसलोकांनी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. दोघांचंही अर्धंच बरोबर. कारण आठवड्याचे ४८ तास तसेच राहिले. रोज दहा तास, पाच दिवस केलंत तर पन्नास होतात. वरचे दोन ओव्हरटाइम. सहा दिवस केलंत, तर बारा तास ओव्हरटाइम, आणि तो दुप्पट दराने. तीन महिन्यांत ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास झाली, एवढंच.

आता हा हिशेब कुणाला लागू? मॅनेजर, सुपरवायझर, गोपनीय काम करणारे यातून वगळलेले आहेत. म्हणून काही ठिकाणी सगळ्यांनाच 'मॅनेजर' करून टाकतात. असिस्टंट मॅनेजर, ज्युनिअर मॅनेजर, क्लायंट हॅपिनेस मॅनेजर! व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय, याला फारसा अर्थ नसतो. प्रत्यक्ष काम काय करता, ते बघितलं जातं.

रात्रीचं शहर आणि घरापर्यंतची गाडी

१ ऑक्टोबर २०२५ ला राज्याने स्पष्ट केलं, की दारूची ठिकाणं सोडून बाकीची दुकानं, हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतील. मुंबईत जानेवारी २०२० मध्येच नाइट लाइफचा प्रयोग झाला होता. रात्री दोन वाजता कॉफी मिळणार, कूल! पण ती कॉफी करणाऱ्या माणसाला आठवड्यात सलग चोवीस तासांची सुट्टी द्यावीच लागेल.

आठवड्याची सुट्टी आपल्याला फुकट मिळाली, असं कुणी समजू नये. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केलं, वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या-सभा केल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० ला गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपला संडे ब्रंच त्यांच्या कृपेने आहे, राजा!

आणि मुली? २०१७ च्या कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात महिलांना काम करण्याची वाट मोकळी केली. पण दोन अटींवर. त्यांची संमती हवी. आणि सुरक्षिततेची सोय हवी, त्यात घराच्या दारापर्यंत सोडणं आलं. दारापर्यंत. सोसायटीच्या कोपऱ्यापर्यंत नाही, मेट्रो स्टेशनपर्यंत नाही.

'कॅबचा खर्च' म्हणून याकडे बघणाऱ्यांनी एक वर्ष आठवावं. नोव्हेंबर २००७. पुण्यात बीपीओमध्ये रात्रपाळीला निघालेल्या बावीस वर्षांच्या मुलीचा, तिला न्यायला आलेल्या कंपनीच्याच कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून खून केला. नियमातली ती एक ओळ अशा बातम्यांमधून आलेली असते. गाडी दिली म्हणजे झालं, असंही नाही. ती गाडी कोण चालवतंय, हेही बघायचं असतं.

पन्नास माणसं झाली की पाळणाघर, शंभर झाली की कँटीन. तिथवर पोहोचलात, तर तुमच्याकडे एचआरची वेगळी टीम असेल. त्यांनाच हा अंक द्या!

पगाराची स्लिप नव्याने

आता सगळ्यात चर्चेचा विषय. पगारात बेसिक कमी दाखवायचं आणि बाकीचं एचआरए, स्पेशल अलाउन्स, अमुक-तमुक भत्त्यांत टाकायचं, ही आपली जुनी युक्ती. नव्या संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

एक साधा हिशेब करू. समजा एखाद्याला चाळीस हजार मिळतात आणि बेसिक बारा हजार दाखवलंय. पाच वर्षांनी सोडून गेला तर बारा हजारांवर ग्रॅच्युइटी साधारण ३४,६१५ रुपये. आता वेतन निदान वीस हजार धरायचं, म्हणजे ५७,६९२. फरक तेवीस हजारांचा, एका माणसामागे. शिवाय ठरावीक मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी मिळते. 'अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट' का लोकप्रिय आहे, हे सांगायला नकोच. पण तेच काम, तोच माणूस आणि दर अकरा महिन्यांनी नवा कागद, हे वादात किती टिकेल, हे वकिलाला विचारून घ्या.

पाटी मराठीत, माणूस बेंगळुरूत

कायद्याची गंमत अशी की तो कुठूनही येतो. कॅफेच्या दारावरची पाटीच घ्या. २०२२ च्या दुरुस्तीने छोट्या-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही. व्यापारी संघटना हायकोर्टात गेली, हरली, सुप्रीम कोर्टात गेली. तिथे २५ सप्टेंबर २०२३ ला दोन महिन्यांची मुदत मिळाली. डिझायनरकडून झोकात करून घेतलेल्या इंग्रजी पाट्या त्या दिवाळीच्या आसपास भराभर बदलल्या गेल्या. काहींनी मराठी अक्षर असं फक्कड करून घेतलं, की मूळ पाटीपेक्षा तीच जास्त उठून दिसते!

आणि आपला एक डेव्हलपर बेंगळुरूहून घरून काम करतोय? मग तिथला व्यवसाय कर, तिथल्या रजा, तिथला कायदा. कर्नाटकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये महिलांना वर्षाला बारा दिवस पगारी मासिक पाळी रजेचं धोरण मंजूर केलं. दिल्लीत व्यवसाय कर नाही. गोव्याचा शॉप अ‍ॅक्ट १९७३ चा आणि स्वतंत्र. 'वर्क फ्रॉम एनीव्हेअर' म्हणजे बॉसच्या टेबलावर प्रत्येक राज्याची एकेक फाइल.

एवढं सगळं कशासाठी?

"आम्ही छोटे आहोत, आमच्याकडे कोण बघतंय?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. बघायला कुणी येत नाही, हे बऱ्याचदा खरंही असतं. पण मोठेही तसेच असतात. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या अकाउंटिंग फर्ममधली २६ वर्षांची सीए मुलगी नोकरीला लागल्यानंतर अवघ्या चार महिन्यांत गेली. कामाच्या ताणाने गेली, असं तिच्या आईने पत्र लिहून सांगितलं. देशभर चर्चा झाली. मग कामगार खात्याचे अधिकारी त्या ऑफिसात गेले, तेव्हा कळलं की ते ऑफिस २००७ पासून शॉप अ‍ॅक्टच्या नोंदणीशिवायच चालू होतं. सतरा वर्षं! नोंदणीसाठी अर्ज केला होता, तो २०२४ च्या फेब्रुवारीत.

नोंदणी असती तर ती मुलगी वाचली असती, असं कुणीच म्हणू शकत नाही. पण कामाचे तास लिहून ठेवणारं रजिस्टर, रजेचा हिशेब, आठवड्याची सुट्टी हे सगळं ज्या कायद्यात आहे, तो कायदाच त्या दारातून सतरा वर्षं आत गेला नव्हता. मस्टर हे कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण कोण किती वाजता आलं आणि किती वाजता घरी गेलं, हे ऑफिसात कुणीतरी बघतंय, याचा तो एकमेव कागदी पुरावा असतो.

बॉसचं कॅलेंडर

- दर महिन्याला: पगार सात तारखेच्या आत. माणसं मोजा, इंटर्न धरून.
- जानेवारी आणि जुलै: किमान वेतनाचा नवा विशेष भत्ता बघा, शीट बदला.
- फेब्रुवारी: व्यवसाय कर दोनशे नाही, तीनशे.
- जून आणि डिसेंबर: कामगार कल्याण निधी.
- वर्षातून एकदा: अंतर्गत समितीचा अहवाल, आणि बाहेरच्या सदस्याला एक फोन. त्यांना आपण सदस्य आहोत हे आठवतंय ना?
- मतदानाच्या दिवशी: पगारी सुट्टी. लाँग वीकेंडला जोडून आली तरीही!
- कुणी सोडून गेलं की: दोन दिवस. घड्याळ लावा.